शिडीखालचा माणूस

विंडवर्ड गावातल्या बहुतेक घरांची वायरिंग अर्सुलीन क्वाशीनं केली होती, आणि त्या सगळ्या घरांच्या कागदांवर सही होती कॅन्यूट मॅकलॉरेन्सची. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. निदान अर्सुलीन सोडून कुणाला.

भानगड लायसन्सची होती. लायसन्सवाल्याची सही नसेल तर सरकारी तपासनीस घर बघायला येत नाही, त्याचा दाखला नसेल तर वीज कंपनी खांबावरून तार जोडत नाही, आणि गावात लायसन्स होतं फक्त कॅन्यूटकडे. आणखी दोघांकडे होतं म्हणतात, पण त्यातला एक लंडनला मुलाकडे गेला आणि दुसरा देवाकडे. कॅन्यूटचं लायसन्स त्याच्या रमच्या दुकानात काचेच्या चौकटीत, येशूच्या तसबिरीच्या शेजारी टांगलेलं होतं. तो स्वतः शिडीवर शेवटचा कधी चढला, हे त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं. अर्सुलीन काम करायची, कॅन्यूट सही करायचा. सहीचा भाव दीडशे डॉलर आणि जॅक आयर्नची एक बाटली. ही आमची रम इतकी कडक की तिच्यात बर्फ तरंगत नाही, सरळ तळाला जाऊन बसतो.

मग ते वादळ आलं आणि अख्ख्या कॅरियाकू बेटाची छपरं उडवून गेलं. घरं नव्यानं उभी राहायला लागली, त्यांना नव्या तारा लागायला लागल्या. छपरं उडाली लोकांची, पण उखळ पांढरं झालं कॅन्यूटचं. सहीचा भाव दोनशेवर गेला आणि बाटलीच्या दोन बाटल्या झाल्या. तेव्हा अर्सुलीननं ठरवलं, आता बास. आपलं स्वतःचं लायसन्स काढायचं.

लायसन्स काढणं म्हणजे काय, ते काढणाऱ्यालाच विचारावं. अर्जाची फी, परीक्षेची फी, फोटोची, पोलिसांच्या दाखल्याची, आणि प्रत्येक खेपेला मोठ्या बेटावर, ग्रेनाडाला जाण्यायेण्याचं बोटभाडं. तिनं सगळं भरलं, परीक्षा दिली आणि पासही झाली. पास झाल्याचं तिनं चर्चमध्ये, जेटीवर, बेकरीत आणि एका अंत्ययात्रेत सांगितलं. नम्रपणा हा काही तिचा आजार नव्हता. आता उरला होता एकच कागद. एखाद्या लायसन्सवाल्यानं लिहून द्यायचं, की या बाईनं माझ्या हाताखाली इतकी वर्षं काम केलंय. परीक्षेचा निकाल वर्षभरच चालतो, कॅन्यूट कागदाचं आज-उद्या करत आला होता आणि ते वर्ष या महिन्यात संपत होतं. तपासनीस महिन्यातून एकदा बोटीनं येतो, आणि तो आज यायचा होता. आज कागद मिळाला नाही तर पुन्हा परीक्षा, पुन्हा फी, पुन्हा सगळं.

तपासनीस फ्लीअरीसाहेबांना बोट लागायची. त्यामुळे जेटीवर उतरले की ते आधी कॅन्यूटच्या दुकानात शिरून जिंजर बिअर प्यायचे, चेहऱ्याचा हिरवा रंग गेला की मगच कामाचं बोलायचे. अर्सुलीन तिथे आधीच कागद घेऊन उभी होती.

"मॅकलॉरेन्स," फ्लीअरीसाहेब म्हणाले, "ही बाई म्हणतेय, हिनं तुमच्या हाताखाली काम केलंय. खरं का?"

कॅन्यूटनं टोपी मागे सरकवली. "कोण, आपली अर्सुलीन? गुणाची पोर आहे हो. येते कधीमधी. शिडी धरते."

"शिडी धरते?"

"मी वर चढलो की खाली कुणीतरी लागतंच की, साहेब!"

कोपऱ्यात डॉमिनो खेळणारे चौघे खोकल्यासारखं करून हसले. कॅन्यूटला चेव आला.

"आणि खरं सांगू का, शिडीवर हिनं चढूच नये. मागच्या मोसमात मास्तरांच्या छपरावर चढली होती. पीक निघाल्यावर मेंढरं मोकळी सोडायचे दिवस, तुम्हाला ठाऊकच आहे. एका मेंढ्यानं मारली ढुशी, शिडी गेली आडवी, आणि ही बाई दुपारभर छपरावर, वाऱ्याचा कोंबडा बसवल्यासारखी!"

"छपरावर ती काय करत होती?" फ्लीअरीसाहेबांनी विचारलं.

कॅन्यूटनं टोपी पुन्हा पुढे ओढली. "हवा खात असेल," तो म्हणाला.

अर्सुलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तपासनीसासमोर भांडायचं म्हणजे आपणच आपल्या कागदावर पाणी ओतायचं, म्हणून तिनं दात ओठ खाऊन तोंड मिटून घेतलं. साहेब हात धुवायला मागे गेले तसा कॅन्यूट काउंटरवरून वाकला.

"रागावू नकोस गं. तुला लायसन्स मिळालं तर माझ्या सहीला कोण विचारणार? तू काम करायचं, मी सही करायची. बरं चाललंय की आपलं."

"तुमचं चाललंय, अंकल."

"तेच म्हणतोय मी," कॅन्यूट म्हणाला.

त्या दिवशी तपासायचं घर टँटी झेफरीनचं, म्हणजे झेफरीनमावशीचं होतं. चाळीस वर्षं इंग्लंडात हडर्सफील्डला नोकरी करून ती म्हातारपणी परत आली, घर बांधलं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वादळानं त्याचं छप्पर समुद्रात नेऊन टाकलं. आता नवं घर तयार होतं आणि आज त्याचं 'वेटिंग', म्हणजे रमनं भिजवणं होतं. आमच्याकडे घर असो की होडी, तिला रम पाजल्याशिवाय ती आपली होत नाही. अंगणात तीन दगडांच्या चुलींवर मोठाली पातेली चढली होती. बकऱ्याचं मटण, तुरीचे दाणे, भाताचे गोळे आणि मक्याच्या पिठाचं घोटून घोटून केलेलं कू-कू.

कॅन्यूट पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला. "बघा साहेब, काय बघायचं ते बघा," एवढं म्हणून त्यानं पाय लांब केले. फ्लीअरीसाहेब आपलं यंत्र घेऊन एकटेच घरभर फिरले, मग मागच्या अंगणातही जाऊन आले. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला, कंपनीच्या माणसानं खांबावरून तार जोडली, एकदा सगळे दिवे लावून पाहिले आणि विझवले. मग साहेब जेवणाची वाट बघत बसले. त्यांची परतीची बोट साडेतीनची होती.

अर्सुलीन पातेल्यांसाठी पाणी आणायला मागे टाकीवर गेली. टाकीच्या भिंतीला, कपडे धुवायच्या दगडाच्या मागे, एक राखाडी पेटी होती. टँटी झेफरीननं हट्टानं बसवून घेतलेली. "पुन्हा वादळ आलं तर मी काही घरात शिरून बटण बंद करणार नाही," ती म्हणाली होती, "मला बाहेरूनच सगळं बंद करता आलं पाहिजे." ही पेटी टँटीला ठाऊक होती आणि अर्सुलीनला. टँटी आता रमचा पहिला घोट घेऊन पूर्वजांशी बोलत होती, तिला पेटीच काय, स्वतःचा चष्मा कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

हात आपोआप गेला, असं अर्सुलीन पुढे सांगायची. आपोआप वगैरे काही नाही. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, बादली खाली ठेवली, आणि मग खटका खाली ओढला.

वेटिंग सुरू झालं. टँटी झेफरीननं घराच्या चारी कोपऱ्यांत रम शिंपडली, तांदूळ उधळले, आईबापांची, आज्यापणज्यांची, बुडालेल्या खलाशांची नावं घेतली. ती घरातल्या मुख्य पेटीजवळ गेली की फ्लीअरीसाहेब ओरडत, "तिथे नको, मॅडम, तिथे नको!" मागे एका घरात कुणीतरी पेटीलाच रम पाजली होती आणि पूर्वजांबरोबर फ्यूजही तृप्त होऊन गेला होता. पूर्वजांचं ताट आतल्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली मांडलेलं होतं. आता फक्त दिवा लागायचा बाकी होता. गावची रीत अशी की नव्या घरात वायरवाला पहिला दिवा लावतो, त्याशिवाय एकाही पातेल्याचं झाकण उघडायचं नाही. आणि दिवा लावणाऱ्याला जिवंत माणसांतलं पहिलं ताट, तंगडीसकट. गेली दहा-बारा वर्षं ते ताट कॅन्यूट खात आला होता आणि अर्सुलीन अंगणातून बघत आली होती.

कॅन्यूट उठला. टोपी काढून त्यानं छोटंसं भाषण केलं. "या घराच्या एकेका तारेत माझा जीव आहे," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. मग हळूच दाबलं. मग जोरात.

"कॅन्यूट, तारेत जीव आहे म्हणालास ना? मेला वाटतं," कुणीतरी मागून म्हणालं.

"बटणाला थोडी पाज!" दुसरा ओरडला.

कॅन्यूटनं मुख्य पेटीचं दार उघडलं आणि परक्याचं बाळ मांडीवर दिल्यासारखा तो आत बघत राहिला. मग त्यानं एकेका खोलीत जाऊन एकेक बटण वरखाली केलं. पंखा नाही, फ्रीज नाही, संडासातला दिवासुद्धा नाही. बाहेर येऊन तो कंपनीच्या माणसावर डाफरला, "खांबावर वीज नाही तुमच्या!"

"आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. त्याला भूक लागली होती, त्यामुळे तो जास्त बोलला नाही.

"मॅकलॉरेन्स," फ्लीअरीसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "वायरिंग तुम्ही केलीय ना? कागदावर तर तसंच आहे. मग लावा दिवा."

"माझं कू-कू दगड होतंय!" टँटी झेफरीन अंगणातून कडाडली. "एवढी माणसं उपाशी उभी केलीस, कॅन्यूट मॅकलॉरेन्स! मेलेलीसुद्धा ताटकळली आहेत!"

कॅन्यूटच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. तो सहज फिरायला निघाल्यासारखा चुलींकडे आला आणि अर्सुलीनच्या बाजूला उभा राहिला.

"पोरी, कुठे आहे?" ओठ न हलवता त्यानं विचारलं.

"काय कुठे आहे?"

"ते. जे काय असेल ते."

"मला काय माहीत, अंकल? मी आपली शिडी धरणारी. शिडी कुठे आहे ते विचारा, लगेच सांगते."

"काय पाहिजे तुला?"

"तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"उद्या देतो लिहून. देवाशपथ."

"बोट साडेतीनची आहे," अर्सुलीन म्हणाली आणि मटण ढवळायला लागली. इतका आनंद तिला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

कॅन्यूटनं एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बंद पातेल्यांकडे पाहिलं. मग तो व्हरांड्यात गेला आणि घसा खाकरला.

"साहेब, सकाळी मी जरा चेष्टा केली. अर्सुलीननं काम केलंय माझ्या हाताखाली. दहा-बारा वर्षं."

"शिडी धरायचं?"

"छे छे! सगळं! तारा ओढणं, पेट्या बसवणं, छपरावरचं, भिंतीतलं... सगळं तीच करते."

"अच्छा," फ्लीअरीसाहेबांनी पेन काढलं. "सगळं तीच करते. आणि तुम्ही?"

कॅन्यूटनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही, मला लिहावं लागेल म्हणून विचारतो," साहेब शांतपणे म्हणाले. "सगळं तिनं केलं असेल, आणि मी केलं म्हणून सही तुम्ही केली असेल, तर ते सगळे दाखले रद्द होतील. मग प्रत्येक घराचा नवा अर्ज, नवी फी, नवी तपासणी. तोवर तारा कापाव्या लागतील. किती घरं आहेत तुमच्या सहीची?"

आत्तापर्यंत कॅन्यूटची खेचणारी सगळी तोंडं बंद झाली. मास्तर अर्सुलीनकडे बघायला लागले. बेकरीवाला बघायला लागला. टँटी झेफरीन हातात पळी घेऊन बघायला लागली. प्रत्येकाच्या घरात कॅन्यूटच्या सहीचा दिवा होता.

अर्सुलीननं या क्षणाची किती वर्षं वाट पाहिली होती! सगळ्या गावासमोर, सरकारच्या माणसासमोर ओरडून सांगायचं, की ते मी केलं, हे मी केलं, त्या छपरावर मी होते. आता फक्त तोंड उघडायचं होतं. आणि उघडलं असतं तर अर्ध्या गावात अंधार झाला असता, तिनंच लावलेले दिवे तिनंच विझवले असते. कॅन्यूट टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता, टोपीशिवाय तो फार म्हातारा दिसत होता. तिला त्याची दया आली आणि दया आल्याचा भयंकर राग आला.

"अंकल खाली असायचे," ती म्हणाली.

"कुठे खाली?"

"शिडीखाली. वर मी, खाली ते. शिडी धरून उभे राहायचे आणि एकेक तार कुठून कुठे न्यायची ते सांगायचे." तिनं ढवळायचा डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "प्रत्येक घराला. एकदाही चुकले नाहीत."

"आम्ही पाहिलंय!" मास्तर घाईनं म्हणाले.

"दोन्ही हातांनी धरायचा!" बेकरीवाला म्हणाला.

"पावसातसुद्धा! छत्री घेऊन!" डॉमिनोवाल्यांपैकी एकजण ओरडला, आणि बायकोनं त्याला कोपर मारलं, कारण दोन्ही हातांनी शिडी धरली तर छत्री कशानं धरणार?

फ्लीअरीसाहेबांनी सगळ्यांकडे सावकाश पाहिलं. "म्हणजे शिडी तुम्ही धरत होता," ते कॅन्यूटला म्हणाले. "सकाळी मला उलटं ऐकू आलं."

"बोट लागली की कानावर परिणाम होतो, साहेब," कॅन्यूट म्हणाला. त्याही अवस्थेत त्याला ते सुचलं, हे मानलं पाहिजे.

कागद पुढे आला आणि कॅन्यूटनं सही केली. आयुष्यातली ती त्याची पहिलीच फुकट सही असावी. अर्सुलीननं कागद घडी करून ब्लाउजात खोचला, बादली उचलली, पाणी आणायला म्हणून टाकीकडे गेली, आणि घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रीज, कुणीतरी लावून ठेवलेला रेडिओ, सगळं एकदम सुरू झालं.

झाकणं उघडली. टँटी झेफरीन पहिलं ताट घेऊन व्हरांड्यात आली, वर मोठी तंगडी. कॅन्यूटचा हात सवयीनं पुढे गेला. टँटी त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि तिनं ताट अर्सुलीनच्या हातात दिलं. अर्सुलीननं सगळ्यांच्या देखत तंगडी हाडापर्यंत खाल्ली, पण चव नेहमीसारखी लागली नाही. आपलं काम निम्मं कुणाला तरी देऊन टाकल्यावर जेवण कसं लागायचं?

निघताना फ्लीअरीसाहेब तिच्यापाशी थांबले. "टाकीवरची ती पेटी चांगली बसवलीय," ते म्हणाले. "सकाळीच पाहिली मी." आणि बोट गाठायला निघून गेले.

लायसन्स आलं. तिनं ते चौकटीत घालून घेतलं आणि कॅन्यूटच्या चौकटीपेक्षा दोन बोटं मोठी चौकट करून घेतली. तिच्या स्वतःच्या सहीचं पहिलं काम टेकडीवरच्या एका घराचं होतं. पीक निघून गेलं होतं, मेंढरंबकऱ्या मोकळ्या सुटल्या होत्या. अर्सुलीन नेहमीसारखी शिडीचा पाय दोरीनं खुंट्याला बांधत होती, तेवढ्यात टेकडीवरून धापा टाकत एक टोपी वर आली.

"सोड ती दोरी," कॅन्यूट म्हणाला.

"तुम्ही इथे कशाला, अंकल?"

"कशाला म्हणजे? सरकारला सांगितलंयस ना तू, मी शिडी धरतो म्हणून? फ्लीअरी आजच्या बोटीनं आलाय. त्यानं येऊन बघितलं तर काय सांगणार, पहिल्याच दिवशी खाडा?"

"घरी जा. दुकान कोण बघतंय?"

"बायको बघतेय. म्हणाली, जा एकदाचा. चढ वर."

ती पुटपुटत चढली. खाली तो शिडी धरून उभा राहिला आणि बोलत राहिला. तार जरा डावीकडे घे, खिळा मोठा वापर, आमच्या वेळी असं नव्हतं. तार कुठल्या रंगाची हेही त्याला तिथून दिसत नव्हतं. तिनं दोनदा त्याला गप्प बसायला सांगितलं. मग मागून एक मेंढा आला, शिडीकडे बघून त्यानं मान खाली घातली, आणि कॅन्यूटनं एक हातही न सोडता त्याला अशी काही शिवी हासडली की तो वळून शेजारच्या कोबीत गेला.

वर अर्सुलीन थांबली. तिच्या लक्षात आलं, आपण दोन्ही हातांनी काम करतोय. इतकी वर्षं एक हात कायम छपराच्या कडेला असायचा, एक कान कायम खाली असायचा, मेंढ्याकडे, वाऱ्याकडे, सुटणाऱ्या दोरीकडे. आज शिडी जराही हलत नव्हती. इतकी वर्षं हे असं करता आलं असतं, या विचारानं तिला रडूही आलं आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात पक्कड टाकावीशीही वाटली.

"अंकल!" ती वरून ओरडली. "सोडून जाऊ नका हं."

"कामाकडे बघ," खालून आवाज आला. "आणि ऐक, दिवा तूच लाव. पण तंगडी अर्धी माझी."